लसीचे संमतिपत्र आणि पालकांचा अंगठा

पेण आणि रोहा हे रायगड जिल्ह्यातील परस्परांना लागून असलेले दोन तालुके. पेण म्हटले की गणेशमूर्तींचे कारखाने आणि रोहा म्हटले की कुंडलिकेचा काठ व धाटावची औद्योगिक वसाहत डोळ्यांसमोर येते. या तालुक्यांची आणखी एक ओळख आहे. महामार्गावरून जाणाऱ्या प्रवाशास ती सहसा दिसत नाही. रस्ता सोडून आत गेले की डोंगरांच्या पायथ्याशी कातकरी व ठाकर समाजाच्या वाड्या लागतात. भातकापणी संपली आणि दिवाळी झाली की यांतील पुष्कळ कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन वीटभट्ट्यांवर आणि कोळसाभट्ट्यांवर जातात, ती पावसाळ्याच्या तोंडावर परततात. कित्येकांची मुले त्यांच्याबरोबर जातात, कित्येकांची आश्रमशाळांच्या वसतिगृहांत मागे राहतात. जिल्ह्यातील आश्रमशाळांचा कारभार पाहणारे एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय पेण येथेच आहे.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगास प्रतिबंध करणाऱ्या लसीविषयी लिहिताना आरंभ आश्रमशाळेपासून का करावा, असा प्रश्न वाचकास पडणे साहजिक आहे. या लसीसंबंधी आपल्या देशात जो संशय निर्माण झाला, त्याची मुळे एका दुसऱ्या राज्यातील आदिवासी मुलींच्या वसतिगृहांत आहेत, हे त्याचे कारण होय. तो संशय केवळ अडाणीपणाचा होता असे म्हणून चालणार नाही. त्यातील काही भाग गैरसमजाचा होता आणि काही भाग खरा होता. जे अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य पालकांसमोर उभे राहतात, त्यांना हे दोन्ही भाग वेगळे करता आले पाहिजेत.

रोग आणि त्याचा विषाणू

गर्भाशयमुखाचा कर्करोग हा भारतीय स्त्रियांमध्ये मोठ्या प्रमाणावर आढळणारा रोग आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार 2022 या वर्षात देशात सुमारे 1 लाख 27 हजार स्त्रियांना तो नव्याने जडला आणि सुमारे 80 हजार स्त्रिया त्याने मृत्यू पावल्या. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे 1987 मध्ये देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली, तेव्हा तेथील स्त्रियांच्या कर्करोगांत हाच रोग अग्रभागी असल्याचे दिसून आले. अंगावरून पांढरे जाणे, अवेळी किंवा शरीरसंबंधानंतर रक्तस्राव होणे ही त्याची लक्षणे स्त्री घरात कोणास सांगत नाही. सांगितले तरी कामाच्या दिवसांत दवाखान्याची वाट धरली जात नाही. मग एके दिवशी ‘टाटाला नेले’ एवढीच बातमी गावात येते, आणि त्या दोन शब्दांचा अर्थ कोकणात कोणास समजावून सांगावा लागत नाही.

या रोगाचे कारण ह्यूमन पॅपिलोमा नावाचा विषाणू आहे, हे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सूर हाउसेन यांनी दाखवून दिले. 1983 व 1984 या वर्षांत त्यांच्या प्रयोगशाळेने या विषाणूचे 16 व 18 क्रमांकाचे प्रकार कर्करोगाच्या पेशींत शोधून काढले. 2008 मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. गर्भाशयमुखाच्या दर दहा कर्करोगांपैकी सुमारे सात या दोन प्रकारांमुळे होतात. हा विषाणू लैंगिक संबंधातून पसरतो. तो इतका सर्वसामान्य आहे की, वैवाहिक जीवन जगणाऱ्या बहुसंख्य स्त्री-पुरुषांच्या शरीरात तो केव्हा ना केव्हा येऊन जातो. बहुतेकांच्या बाबतीत शरीर स्वतःच एक-दोन वर्षांत त्याचा निकाल लावते. ज्या थोड्या स्त्रियांच्या शरीरात तो ठाण मांडून बसतो, त्यांच्यात पंधरा-वीस वर्षांनंतर कर्करोग उद्भवू शकतो.

पालकांना सांगण्यास सर्वांत अवघड असा मुद्दा येथेच आहे. ‘लैंगिक संबंधातून पसरणारा’ हे शब्द उच्चारताच ऐकणाऱ्याच्या मनात चारित्र्याचा प्रश्न उभा राहतो. आमच्या मुलीस ही लस कशासाठी, असे बाप विचारतो. त्या प्रश्नात भीतीपेक्षा अपमान अधिक असतो. वस्तुस्थिती अशी आहे की, आयुष्यभर एकाच पुरुषाशी संसार केलेल्या स्त्रीलाही हा विषाणू पतीकडून मिळू शकतो. विषाणूशी संपर्क येण्यापूर्वी दिली तरच ही लस पुरते काम करते, म्हणून ती नऊ ते चौदा वर्षांच्या वयात देणे इष्ट ठरते. छत्री पाऊस पडण्यापूर्वी घ्यावी लागते. ती घेतली म्हणून कोणी पावसाला बोलावले असे होत नाही. लस घेतलेल्या मुलींच्या वर्तनात तीमुळे काही फरक पडत नाही, असेच परदेशांतील अभ्यासांत दिसून आले आहे.

लसीत जिवंत विषाणू नसतो. विषाणूच्या बाह्य कवचासारखी दिसणारी प्रथिनांची पोकळ रचना प्रयोगशाळेत तयार करून ती टोचली जाते. आत जननद्रव्य नसल्याने ती शरीरात वाढू शकत नाही, पण ती पाहून शरीर खऱ्या विषाणूस ओळखण्यास शिकते. अशी पहिली लस 2006 मध्ये वापरात आली.

खम्मम येथे काय घडले

जुलै 2009 मध्ये तत्कालीन आंध्र प्रदेशातील, आता तेलंगणात असलेल्या, खम्मम जिल्ह्यात ही लस मुलींना देण्याचा एक प्रकल्प सुरू झाला. पाठोपाठ गुजरातमधील बडोदा जिल्ह्यात तो सुरू झाला. ‘पाथ’ ही अमेरिकन संस्था, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि त्या त्या राज्यांची शासने यांचा तो संयुक्त उपक्रम होता. दोन्ही जिल्ह्यांत मिळून दहा ते चौदा वर्षांच्या सुमारे 24 हजार मुलींना लस देण्यात आली. खम्ममच्या मुलींत आदिवासी मुलींचे प्रमाण मोठे होते आणि त्यांतील अनेक जणी वसतिगृहांत राहणाऱ्या होत्या. पुढे या मुलींपैकी सात जणींच्या मृत्यूचे वृत्त पसरले. महिला संघटनांनी आवाज उठविला आणि एप्रिल 2010 मध्ये केंद्र शासनाने प्रकल्प थांबविला.

मृत्यूंची चौकशी झाली. चौकशी समितीने 2011 मध्ये असा निष्कर्ष काढला की, या मृत्यूंचा लसीशी संबंध दिसत नाही. सर्पदंश, पाण्यात बुडणे, कीटकनाशक पोटात जाणे, हिवताप अशी त्यांची कारणे होती. चोवीस हजार मुलींकडे काही महिने कोणी लक्ष ठेवले, तर लस दिलेली असो वा नसो, त्यांतील काहींचे मृत्यू अशा कारणांनी झालेले आढळतील, ही दुःखद परंतु खरी गोष्ट आहे. पावसाळ्यात भाताच्या बांधावर विंचू-सापाचे भय काय असते, हे पेण-रोह्याच्या वाचकांस ठाऊकच आहे.

येथवर पाहता हा गैरसमजाचा भाग झाला. खरा भाग पुढे आहे. चौकशीत मुलींच्या संमतिपत्रांची छाननी झाली, तेव्हा आंध्र प्रदेशातील 9,543 संमतिपत्रांपैकी 2,763 पत्रांवर पालकांऐवजी वसतिगृहांच्या अधीक्षकांनी अथवा मुख्याध्यापकांनी सह्या केल्याचे निष्पन्न झाले. 1,948 पत्रांवर अंगठे होते. अंगठा उमटविणाऱ्यास पत्रातील मजकूर कोणी वाचून दाखविला होता काय, हे त्या कागदावरून कळण्यास मार्ग नव्हता. संसदेच्या आरोग्यविषयक स्थायी समितीने ऑगस्ट 2013 मध्ये सादर केलेल्या आपल्या 72 व्या अहवालात या प्रकल्पावर कठोर टीका केली. मुलींच्या प्रकृतीवर नंतर लक्ष ठेवण्याची व्यवस्था अपुरी होती आणि लसनिर्मात्या कंपन्यांचा व्यापारी हेतू नजरेआड करता येत नाही, असेही समितीने म्हटले.

म्हणजे लसीने कोणाचा जीव घेतला नव्हता. पण ज्यांच्या मुली, त्यांना मात्र कोणी विचारले नव्हते. या दोन गोष्टी लोकांच्या मनात एक झाल्या आणि पुढील अनेक वर्षे एकच होऊन राहिल्या. मुख्याध्यापकांचा हेतू वाईट होता असेही मानण्याचे कारण नाही. वसतिगृहात मुलीचे जेवण, आजारपण, परीक्षा सर्वच बाबतींत तेच पालकाच्या जागी असतात. आणखी एका कागदावर सही करण्यात त्यांना काही वावगे वाटले नसेल. सवयीने झालेली सही ही वाईट हेतूने झालेल्या सहीपेक्षा अधिक सावधपणे पाहण्याजोगी असते, कारण ती कोठेही होऊ शकते.

बार्शी आणि पुण्याच्या मुली

या थांबलेल्या प्रकल्पाचा एक अनपेक्षित परिणाम महाराष्ट्रात घडला. तो सामान्य वाचकांपर्यंत फारसा पोहोचलेला नाही. खम्ममच्या प्रकल्पाशी संबंध नसलेला एक स्वतंत्र अभ्यास 2009 मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने भारतात सुरू केला होता. देशातील नऊ केंद्रांत मुंबईचे टाटा स्मारक केंद्र, पुण्याचे जहांगीर रुग्णालयाशी संलग्न संशोधन केंद्र आणि बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय यांचा समावेश होता. दहा ते अठरा वर्षांच्या वीस हजार अविवाहित मुलींना लस द्यावयाची, निम्म्यांना दोन मात्रा व निम्म्यांना तीन, आणि दोन मात्रा पुरतात काय हे पाहावयाचे, अशी ती योजना होती. एप्रिल 2010 मध्ये खम्ममचा गदारोळ उठला आणि या अभ्यासातील लसीकरणही शासनाने थांबविले. त्या दिवसापर्यंत 17,729 मुलींना लस मिळाली होती. कोणाच्या तीन मात्रा झाल्या होत्या, कोणाच्या दोन. आणि 4,950 मुलींना पहिली मात्रा मिळाल्यावर पुढची मात्रा मिळालीच नाही.

अभ्यास मोडला असे म्हणून संशोधकांना कागद बांधून ठेवता आले असते. त्यांनी तसे केले नाही. बार्शी परिसरातील गावांत आणि अन्यत्र त्यांचे कार्यकर्ते वर्षानुवर्षे या मुलींच्या संपर्कात राहिले. मुलींची लग्ने झाली, त्या सासरी गेल्या, तेथेही पोहोचले. सुमारे दहा वर्षांनंतर, 2021 मध्ये, निष्कर्ष प्रसिद्ध झाले. विषाणूचे 16 व 18 हे प्रकार शरीरात ठाण मांडून बसण्यापासून एका मात्रेने मिळालेले संरक्षण 95 टक्क्यांच्या घरात होते. दोन किंवा तीन मात्रा घेतलेल्या मुलींपेक्षा ते कमी नव्हते. एप्रिल 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ गटाने एक मात्राही पुरेशी ठरू शकते असा अभिप्राय दिला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस संघटनेने आपल्या अधिकृत धोरणात तो पर्याय समाविष्ट केला. या निर्णयामागील महत्त्वाच्या पुराव्यांत बार्शी-पुण्याच्या या मुलींचा वाटा आहे. संशयापोटी थांबविलेल्या लसीकरणातून जगभरच्या गरीब देशांचा खर्च कमी करणारे ज्ञान हाती आले, हा योगायोग विलक्षणच म्हणावा लागेल. तथापि तो योगायोग उपयोगी पडला तो दहा वर्षे घरोघर जाणाऱ्यांमुळे. खम्ममच्या अहवालात जी उणीव दाखविली होती, ती म्हणजे नंतरची विचारपूस, येथे झाली होती.

पालकांच्या शंका

लसीमुळे मुलीला पुढे मूल होणार नाही, ही शंका ग्रामीण भागात नवी नाही. जवळजवळ प्रत्येक लसीच्या वाट्याला ती आली आहे. तिला हसण्यापूर्वी 1976 हे वर्ष आठवावे. त्या वर्षी राज्य विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमत केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते अमलात आले नाही, पण त्या काळातील शिबिरांच्या आठवणी घराघरांत राहिल्या. आजीने ज्या सुईचे भय पाहिले, तिच्याविषयी नातीच्या वेळी शंका निघणारच. जगातील शंभरांहून अधिक देशांत कोट्यवधी मुलींना ही लस दिली गेली आहे. ती मुले होण्याच्या क्षमतेस बाधा आणते असा पुरावा मिळालेला नाही. उलट कर्करोगपूर्व अवस्थेवरील काही उपचारांमुळे आणि कर्करोगात गर्भाशय काढून टाकावे लागल्यामुळे मातृत्वास धोका पोहोचतो, आणि तो धोका ही लस टाळते.

लसीचा त्रास मुळीच होत नाही, असे मात्र कोणी सांगू नये. दंड दुखतो, सूज येते, क्वचित ताप किंवा डोकेदुखी होते. या वयाच्या मुलींना इंजेक्शनच्या भीतीने भोवळ येण्याचा संभव असतो, म्हणून टोचल्यावर पंधरा मिनिटे बसवून ठेवावे लागते. तीव्र स्वरूपाची प्रतिक्रिया फार विरळा, पण तिच्यासाठी औषध हाताशी असलेच पाहिजे. एका वर्गात एक मुलगी भोवळ येऊन पडली की पाठोपाठ दुसरीलाही भोवळ येते. आणि ही वार्ता संध्याकाळपर्यंत शेजारच्या तीन गावांत ‘लसीने मुली पडल्या’ अशी पोहोचते. हे होऊ शकते असे आधी सांगितलेले असले, तर पालक घाबरत नाहीत.

आपल्यावर प्रयोग होत आहे, या समजाचे उत्तर आज अधिक सोपे झाले आहे. इंग्लंडमध्ये बाराव्या-तेराव्या वर्षी लस घेतलेल्या मुलींत पुढे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे प्रमाण सुमारे 87 टक्क्यांनी घटल्याचे 2021 मध्ये प्रसिद्ध झाले. स्कॉटलंडमध्ये त्याच वयात लस पूर्ण केलेल्या स्त्रियांत हा रोग झालेली एकही स्त्री आढळली नसल्याचे 2024 मध्ये जाहीर झाले. खम्ममच्या वेळी हे पुरावे हाती नव्हते. शिवाय तेव्हाच्या लसी परदेशी कंपन्यांच्या होत्या. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेल्या ‘सर्व्हावॅक’ या लसीस जुलै 2022 मध्ये औषध महानियंत्रकांची मान्यता मिळाली आहे. देशातील लसीकरणविषयक राष्ट्रीय तांत्रिक सल्लागार गटाने जून 2022 मध्ये ही लस सार्वत्रिक लसीकरणात आणण्याची शिफारस केली होती.

लस घेतली म्हणजे पुढे तपासणी नको, हा समज मात्र शंकेइतकाच घातक आहे. लस सर्व प्रकारच्या विषाणूंना आवरत नाही, आणि आजच्या मुलींच्या आयांना तर ती मिळालेलीच नाही. उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आताच्या धाराशिवमध्ये, 1999 पासून 1 लाख 31 हजारांहून अधिक स्त्रियांचा जो अभ्यास झाला, त्यात विषाणूची तपासणी आयुष्यात केवळ एकदा उपलब्ध करून दिलेल्या गटात या कर्करोगाने झालेले मृत्यू तपासणी न झालेल्या गटाच्या मानाने जवळजवळ निम्मे होते. मुलीच्या लसीची माहिती घेण्यास आई शाळेत आली, तर तिच्या तपासणीची गोष्ट त्याच बैठकीत काढता येते.

विचारणे आणि न विचारणे

संशय दडपला किंवा त्याकडे डोळेझाक केली, तर काय होते याचे उदाहरण जपानचे आहे. जून 2013 मध्ये काही मुलींच्या दुखण्यांची चर्चा वृत्तपत्रांतून झाल्यावर तेथील शासनाने लसीची शिफारस मागे घेतली. लस बंद केली नाही आणि ठामपणे पुरस्कारिलीही नाही. लस घेणाऱ्या मुलींचे प्रमाण सत्तर टक्क्यांवरून एका टक्क्याच्याही खाली गेले. 2022 मध्ये शिफारस पुन्हा सुरू होईपर्यंत नऊ वर्षे लोटली.

सिक्कीमने 2018 मध्ये नऊ ते चौदा वर्षांच्या मुलींसाठी मोहीम हाती घेतली, ती वेगळ्या रीतीने. शिक्षक, पंचायती, डॉक्टर व पत्रकार यांच्याशी आधी बोलणी झाली, पालकांच्या शंकांना आधी उत्तरे दिली गेली, आणि मग सुई हातात घेतली गेली. पंचाण्णव टक्क्यांहून अधिक मुलींनी लस घेतली. राज्य लहान आहे हे खरे. परंतु पेण किंवा रोहा हे तालुके त्याहून लहानच आहेत.

अडचण आहे ती दिवसांची. ज्या पालकांची संमती सर्वांत काळजीपूर्वक घ्यावयास हवी, ते दिवाळीनंतर गावात नसतात. जानेवारीत एखाद्या आश्रमशाळेत लसीचे पथक गेले, तर मुलगी तेथे असेल, अधीक्षिका असेल, कागद असेल. बाप मात्र एखाद्या भट्टीवर विटा थापीत असेल. त्या दिवशी ‘तुम्हीच करा सही’ असे म्हणणे सर्वांच्या सोयीचे असते. खम्ममला याहून वेगळे काही घडले नव्हते.

वर्षातील दोन काळ मात्र असे आहेत की, पालक हाताशी असतात. एक जूनचा, सुट्टीनंतर मुलांना आश्रमशाळेत पोहोचविण्यास आईबाप स्वतः येतात तेव्हाचा. दुसरा लावणी आटोपल्यापासून कापणीपर्यंतचा, ज्या काळात ग्रामसभाही भरते. संमतिपत्र त्या दिवसांत वाचून दाखविता येते. ते वाचणारा कातकरी बोली जाणणारा असावा. वाडीतील आशा स्वयंसेविका वा अंगणवाडी सेविका असल्यास उत्तम. पत्र वाचून झाल्यावर ‘समजले का’ असे विचारू नये, कारण त्यास ‘हो’ हेच उत्तर येते. ‘कशाची लस आहे, तुम्ही सांगा’ असे विचारावे. नाही म्हणणाऱ्या पालकाचे नाव वेगळ्या यादीत लाल शाईने लिहिण्याची गरज नाही. त्याच्याकडे पुढच्या जूनमध्ये पुन्हा जाता येते, कारण नऊ ते चौदा या वयात तेवढा अवधी असतो. आणि ज्यांनी अंगठा दिला, त्यांच्या मुलीस लस टोचल्यावर तिची प्रकृती कशी आहे हा निरोप भट्टीवर पोहोचावा. बहुतेक मुकादमांचे दूरध्वनी क्रमांक वाडीत कोणा ना कोणाकडे असतात.